ते ४ सेकंद तुमच्या गाडीतच आहेत

प्रश्न: माझ्याकडे ६ वर्षं जुनी, फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक आहे. रोज कामावर हीच नेतो, आणि आठवड्यातून दोनदा आईला व्यायामोपचारासाठी हिच्यातूनच सोडतो. अलीकडे ऑटोक्रॉसचे दोन दिवस केले. दोन्ही वेळा नवशिक्यांच्या यादीत शेवटून तिसरा आलो, पण मजा इतकी आली की आता सोडवत नाही. थोडे पैसे बाजूला काढलेत आणि यादी केलीय: गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा किंवा कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक-अब्सॉर्बरचा एकत्र, उंची बदलता येणारा संच), मोठे ब्रेक, एअर इनटेक आणि सायलेन्सर, चिकट टायर, चार पट्ट्यांचा बेल्ट. सगळं एकदम परवडणार नाही. सुरुवात कशापासून करू? वळणात गाडीचं नाक बाहेरच जातं, स्टेअरिंग कितीही फिरवलं तरी. आईची पाठ दुखते, त्यामुळे गाडी फार कडक होऊन चालणार नाही. आणि हो, शिकवायला आलेल्या बाईंनी दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीत एक फेरी मारली. त्यांची वेळ माझ्या सगळ्यात चांगल्या फेरीपेक्षा ४ सेकंदांनी कमी होती.

उत्तर: तुम्ही जी गोष्ट पत्राच्या शेवटी ‘आणि हो’ म्हणून लिहिलीत, तिथूनच मी सुरू करते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्ध्याहून जास्त उत्तर त्याच एका ओळीत आहे. तीच गाडी, तेच टायर, तीच हवा, तोच दिवस, आणि ४ सेकंद कमी. म्हणजे तुमच्या गाडीत ४ सेकंद आजच आहेत. ते काढायला एकही पाना लागत नाही.

हा खेळ न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मोठ्या सपाट डांबरी किंवा काँक्रीटच्या मोकळ्या जागेवर रस्त्याच्या कामावर असतात तसे प्लास्टिकचे कोन (शंकू) मांडून वाट आखलेली असते. एका वेळी एकच गाडी सुटते आणि शर्यत घड्याळाशी असते. एक फेरी साधारण मिनिटभराची, बहुतेक सगळी दुसऱ्या गिअरमध्ये. स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिकेच्या नियमांत कोन पाडला की वेळेत २ सेकंद वाढतात आणि फाटक, म्हणजे दोन कोनांमधली ठरलेली वाट, चुकलं तर ती फेरीच बाद होते. इतरही अनेक ठिकाणी असाच हिशेब चालतो.

आता हे २ सेकंद डोक्यात ठेवून तुमच्या यादीकडे बघा. एक वळण घेऊ: १५ मीटर त्रिज्येचं, गाडीचं तोंड पूर्ण उलट दिशेला फिरवणारं. साध्या ऑल-सीझन टायरची पकड, म्हणजे वजनाच्या किती पट आडवा जोर तो पेलतो ते, ०.८५ धरली, तर ते वळण ताशी ४० किलोमीटरच्या आसपास घेता येतं. उत्तम चिकट टायरची पकड १.०५ धरली, तर ४४-४५ ने. त्या वळणात वाचणारा वेळ येतो ०.४ सेकंद. सगळ्या वळणांची बेरीज केली तर टायरचा फायदा खरोखर मोठा आहे, तो मी नाकारत नाही. पण वळणात उशिरा ब्रेक मारून, पुढची चाकं फरफटत, गाडी कधी वळतेय याची वाट बघत बसलात की तेवढाच वेळ एका वळणात जातो. आणि एक कोन उडाला तर ५ वळणांची कमाई गेली.

तुमचं नाक बाहेर जातं ते याच फरफटीमुळे, असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. टायरकडे पकड मोजकीच असते आणि ब्रेक व वळण यांना ती वाटून घ्यावी लागते. ब्रेकवर पाय असतानाच जोरात वळवलंत, तर दोन्हींना अपुरी पडते. मग गाडी वळत नाही म्हणून माणूस स्टेअरिंग आणखी फिरवतो. पण एका मर्यादेपलीकडे चाक जितकं तिरकं कराल तितकी त्याची पकड कमी होते, वाढत नाही. तेव्हा हात थोडा सोडायचा, वेग थोडा उतरू द्यायचा, की नाक आपोआप आत येतं. हे वाचून पटतं, पण गाडीत बसल्यावर हात ऐकत नाहीत. त्याला फेऱ्याच लागतात. पुढच्या वेळी ब्रेक तुम्हाला वाटतं त्याच्या एक गाडीभर आधी मारा आणि वळण सुरू होताना तो बराचसा सोडलेला असू द्या. नजर बंपरपुढच्या कोनावर नको, पुढच्या फाटकावर हवी. कोनांच्या नागमोडी ओळीत पहिल्या कोनाला वेळेआधी वळलात तर पुढचे सगळे सोपे जातात. पहिल्यालाच उशीर झाला, तर तो उशीर शेवटच्या कोनापर्यंत वाढत जातो.

त्या बाई पुढच्या वेळी दिसल्या, तर त्यांच्या शेजारी बसा. नंतर त्यांना तुमच्या शेजारी बसवा. आणि सुरुवातीआधी वाट पायी फिरायला देतात, तेव्हा एकदा नव्हे, तीनदा फिरा. डोळे मिटून वाट आठवली पाहिजे. वाट आठवण्यात अडकलेला माणूस गाडी चालवू शकत नाही.

आता पैशांचं बोलू. पहिला खर्च गाडी धडधाकट करण्यावर. ६ वर्षांच्या गाडीत ब्रेक ऑइल कधी बदललंय ते तुम्ही लिहिलेलं नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि पाणी शिरलं की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ४ प्रकारच्या ताज्या तेलासाठी तो किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर पाणी शोषलेल्या तेलासाठी मानक १५५ पर्यंत खाली येतं. २ वर्षं झाली असतील तर बदलूनच टाका. बॉल जॉइंट, कंट्रोल आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यांचे) बुश, इंजिन माउंट तपासून घ्या. बॅटरी हाताने हलवून बघा, ती हलता कामा नये. चाकांचे नट टॉर्क रेंचने ठरल्या मापाला आवळा. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत ठेवा, कारण लांब वळणात तेल एका बाजूला जातं आणि आधीच कमी असेल तर पंपाला हवा ओढावी लागते. पेट्रोलही अगदी तळाला नको. यातलं काही दिमाखदार नाही, पण मैदानावरच्या तपासणीत गाडी परत पाठवली जाते ती बहुतेक अशाच कारणांनी, आणि सोमवारी कामावर जायला गाडी नसते तीही अशाच कारणांनी.

हेल्मेट स्वतःचं घ्या. उसनं मिळतं, पण नीट न बसणारं हेल्मेट दिवसभर लक्ष खातं. हेल्मेटची चाचणी घेणाऱ्या स्नेल संस्थेच्या खुणांमध्ये ‘एम’ म्हणजे मोटरसायकलसाठी आणि ‘एसए’ म्हणजे मोटर शर्यतीसाठी. एसएमध्ये आगीला तोंड देण्याचीही चाचणी असते. ऑटोक्रॉसला बहुधा दोन्ही चालतात, तरी आधी आयोजकांना विचारा. पुढे बंद ट्रॅकवर जायचं मनात असेल तर सरळ एसए घ्या.

यानंतर हवा मोजायचा एक चांगला गेज आणि पांढरा खडू. माझं ऐकाल तर पहिल्या वर्षातली सगळ्यात मोलाची खरेदी हीच. दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा पुढच्या चाकांत ४-५ पीएसआय जास्त भरा, मात्र टायरवर लिहिलेल्या कमाल मर्यादेच्या आत. टायरच्या खांद्यावर तीन ठिकाणी खडूचा आडवा पट्टा ओढा, नक्षीपासून बाजूच्या भिंतीपर्यंत. बऱ्याच टायरांवर तिथे एक छोटा त्रिकोण कोरलेला असतो. फेरी झाल्यावर बघा: खडू त्रिकोणाच्याही खाली पुसला गेला असेल, तर टायर वळणात दुमडून भिंतीवर चालतोय, हवा २ पीएसआयने वाढवा. खडू त्रिकोणाच्या बराच वर शिल्लक असेल, तर हवा जास्त आहे, कमी करा. टायर तापतो तशी हवाही वाढते, साधारण ५-६ अंशांना १ पीएसआय. त्यामुळे दर फेरीनंतर मोजा आणि वहीत लिहा. शेजारी वेळ लिहा, पाडलेले कोन लिहा, आणि त्या फेरीत काय चुकलं ते एका ओळीत लिहा. तीन-चार दिवसांनी ती वही तुम्हाला जे सांगेल, ते दुसरं कुणी सांगू शकणार नाही.

मग व्हील अलाइनमेंट. तुमच्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक-अब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) असणार, बहुतेक हॅचबॅकना असतो. या रचनेत गाडी वळणात कलली की बाहेरचं पुढचं चाकही तिच्याबरोबर जवळजवळ तितकंच कलतं आणि सगळा भार टायरच्या बाहेरच्या कडेवर येतो. तुमच्या पुढच्या टायरांची बाहेरची कड आताच झिजायला लागली असेल, हात फिरवून बघा. उपाय म्हणजे चाकांचा वरचा भाग आधीच थोडा आत कललेला ठेवायचा, म्हणजेच निगेटिव्ह कॅम्बर. कारखान्यातून ते बहुधा शून्य ते उणे १ अंशाच्या मध्ये येतं. मूळ बोल्टच्या जागी कॅम्बर बोल्ट बसवून उणे दीडच्या पुढे जाता आलं, तर रोजच्या गाडीला ते छान आहे. नाक बाहेर जाण्यावर, चालवणं सुधारल्यानंतरचा, हा सगळ्यात स्वस्त इलाज. आईला काही जाणवणारसुद्धा नाही. मात्र पुढचा टो, म्हणजे वरून पाहिल्यास चाकं पुढे आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते माप, शून्य ठेवायला सांगा. स्पर्धेवाले पुढची चाकं किंचित बाहेर उघडी ठेवतात, त्याने गाडी चटकन वळते. पण रोजच्या लांब रस्त्यावर टायर खातो तो टोच, थोडा कॅम्बर तितका खात नाही. मागच्या चाकांचा टो बाहेर करायला कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. ओल्या रस्त्यावर आई शेजारी असताना मागून सुटणारी गाडी तुम्हाला नको आहे.

टायरच्या बाबतीत माझं मत अनेकांना पटत नाही, तरी सांगते. आहेत ते टायर मैदानावर झिजवून संपवा, मग चिकट घ्या. साधा टायर बोलतो. मर्यादा जवळ आली की आधी कण्हतो, मग ओरडतो, आणि सुटतोही हळूहळू. शिकणाऱ्याला याहून चांगला गुरू नाही. चिकट टायर बराच वेळ गप्प राहतो आणि तुमच्या चुका झाकतो. वेळ सुधारते, तुम्हाला वाटतं आपण सुधारलो. पण फरफट तीच असते, फक्त महाग रबरावर.

ते टायर संपले की मात्र कंजुषी करू नका, कारण विकत मिळणाऱ्या वस्तूंत टायरइतका वेळ दुसरं काहीच कमी करत नाही. टायरच्या भिंतीवर ‘ट्रेडवेअर’ असा एक आकडा असतो. रोजच्या ऑल-सीझन टायरवर तो बऱ्याचदा ४०० च्या वर दिसतो, स्पर्धेच्या स्ट्रीट टायरवर २००. आकडा लहान म्हणजे, साधारणपणे, रबर मऊ आणि लवकर झिजणारं. हे आकडे टायर बनवणारे स्वतःच ठरवतात, म्हणून दोन वेगवेगळ्या ब्रँडचे आकडे शेजारी ठेवून हिशेब करू नका. अमेरिकन क्लबच्या स्ट्रीट वर्गात, म्हणजे फारसे बदल न केलेल्या गाड्यांच्या वर्गात, २०० पेक्षा कमी आकड्याचा टायर चालत नाही. तुमच्यासाठी मी ३०० च्या आसपासचा चांगला समर टायर सुचवेन: मैदानावर नेटका, पावसात भरवशाचा, रोज चालवण्याजोगा. २०० वाले घ्यायचे तर वेगळ्या रिमांवर घ्या आणि मैदानात जाऊन बदला. रोजच्या रस्त्यावर ते आवाज करतात, भराभर संपतात, आणि नक्षी उथळ असल्याने साचलेल्या पाण्यावर तरंगू शकतात. एक गोष्ट विसरू नका: कुठलाही समर टायर थंडीत, साधारण ७ अंशांच्या खाली, कडक होतो आणि पकड सोडतो. तुमच्याकडे तशी थंडी पडत असेल तर थंडीचे टायर वेगळे लागतीलच.

आता स्प्रिंगा. इथे मला स्वतःचा अनुभव सांगितला पाहिजे, कारण तुमच्या यादीत त्या पहिल्या आहेत आणि माझ्या यादीतही पहिल्याच होत्या. मी मूळ शॉक-अब्सॉर्बर तसेच ठेवून फक्त खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा घातल्या. गाडी दिसायला सुरेख झाली. पण वळणात मधेच काही उंचवटा आला की सस्पेन्शन पूर्ण दबून बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी अडथळ्यावर) आदळायचं आणि त्या क्षणी पुढची पकड एकदम जायची. शॉक-अब्सॉर्बर वर्षभरात गळायला लागले. शिवाय स्ट्रटच्या गाडीत फार खाली बसवलं की खालचा कंट्रोल आर्म वर तिरका होतो, मग चाक दबताना मिळायला हवा तो कॅम्बर मिळत नाही. वर्षभर मी जास्त पैसे देऊन हळू झाले होते.

लोकांचा एक समज आहे की स्प्रिंग कडक केली की वजन बाहेरच्या चाकांवर सरकायचं थांबतं. ते थांबत नाही. एकूण किती वजन सरकणार हे गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधलं आडवं अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरतं. स्प्रिंगा आणि अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलणं रोखणारी सळई) मुख्यतः एवढंच ठरवतात की सरकणाऱ्या वजनातलं पुढच्या जोडीने किती उचलायचं आणि मागच्या जोडीने किती. ज्या टोकाला कडक कराल, त्या टोकाची पकड कमी होते. म्हणूनच फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीला मागे थोडा जाड अँटी-रोल बार लावला की पुढच्या चाकांवरचा ताण हलका होतो आणि गाडी वळायला लागते. अलाइनमेंट आणि नव्या टायरनंतरही नाक बाहेरच जात असेल, तर हा बार घ्या. दोन्ही चाकं एकदम खड्ड्यात गेली तर तो काहीच करत नाही, त्यामुळे आईच्या पाठीलाही त्याचा त्रास जवळजवळ नाही. पण आधी ओल्या रस्त्यावर हळू चालवून बघा, कारण तो मागची पकडच थोडी कमी करत असतो.

शॉक-अब्सॉर्बर ६ वर्षांत थकलेले असणारच. अंगावर तेलाचे ओघळ दिसले किंवा टायर लाटांसारखे झिजले असतील, तर बदलायची वेळ झाली. मूळ स्प्रिंगांबरोबर चालणारे दर्जेदार शॉक-अब्सॉर्बर घ्या. स्वस्त कॉइलओव्हरच्या संचापेक्षा ते रोज चांगले आणि नागमोडी ओळीतही चांगले. आणखी एक: अमेरिकन नियमांत शॉक-अब्सॉर्बर आणि एक अँटी-रोल बार बदलून गाडी स्ट्रीट वर्गातच राहते, पण स्प्रिंगा बदलल्या की ती वरच्या वर्गात जाते, जिथल्या गाड्यांत खूप काही बदललेलं असतं. तुम्ही ज्यांच्याकडे खेळता त्यांची नियमावली काहीही विकत घेण्याआधी वाचा.

मोठे ब्रेक नकोत. मिनिटभराची फेरी, मग बराच वेळ उभं राहणं. ब्रेक तापायला वेळच मिळत नाही. चाक लॉक करण्याइतका जोर मूळ ब्रेकमध्ये आहेच, आणि त्यापुढे गाडी किती अंतरात थांबते हे टायर ठरवतो. शर्यतीचे पॅड तर मुळीच नकोत. ते तापल्याशिवाय नीट धरत नाहीत, आणि सकाळी घरातून निघाल्यावरचा पहिला ब्रेक थंडच असतो. इनटेक आणि सायलेन्सर यादीतून काढा. ताकद तुम्हाला कमी पडत नाहीये.

चार पट्ट्यांच्या बेल्टबद्दल मात्र मी काळजीने सांगते: मूळ सीटवर, रोल केजशिवाय (गाडी उलटली तरी छत दबू नये म्हणून आत बसवतात त्या लोखंडी पिंजऱ्याशिवाय), तो लावू नका. मांड्यांमधून येणारा पट्टा नसल्याने समोरून धडक बसली तर खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर पोटावर ओढतात आणि शरीर त्याखालून घसरतं. कमरेच्या हाडावर येणारा भार पोटातल्या अवयवांवर येतो. गाडी उलटली आणि छत दबलं, तर शरीराला बाजूला सरकायला जागा राहत नाही. कंपनीने दिलेला बेल्ट आणि एअरबॅग एकमेकांना धरून बनवलेले असतात. तुम्हाला हवं आहे ते सीटमध्ये घट्ट बसणं, आणि ते फुकट होतं. सीट थोडी मागे घ्या, बेल्ट लावा, खांद्याचा पट्टा झटक्याने ओढून लॉक करा आणि तो लॉक असतानाच सीट पुढे सरकवा. बहुतेक गाड्यांत हे जमतं. त्याआधी पाठ पूर्ण टेकवून हात सरळ केल्यावर मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकतंय आणि क्लच पूर्ण दाबूनही गुडघा थोडा वाकलेला राहतोय, एवढं जुळवा. स्टेअरिंगला लोंबकळणारा माणूस त्याच हातांनी गाडी नीट वळवू शकत नाही.

पैसे उरले तर त्यांतून आणखी दिवस विकत घ्या: प्रवेश फी, जाण्यायेण्याचं पेट्रोल, शक्य असेल तर एखादा शिकवणीचा दिवस. आणि विम्याचे कागद वाचा. घड्याळ लावून चालवलेल्या स्पर्धेतलं नुकसान अनेक पॉलिसींत वगळलेलं असतं. ही गाडी गेली तर तुमची नोकरीची वाट आणि आईचे उपचार दोन्ही अडतील, हे ठाऊक असूनच मैदानावर उतरा.

आईचं मी शेवटी ठेवलं, कारण त्याचं उत्तर खर्चाचं नाही. खेळ संपल्यावर घरी निघण्याआधी चार गोष्टी करा: चारही टायरची हवा थंड झाल्यावर दाराच्या चौकटीवरच्या आकड्यावर आणा, मैदानावर बंद केलं असेल तर स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) पुन्हा चालू करा, नट पुन्हा आवळा, डिकीतून काढलेली स्टेपनी आणि जॅक परत आत ठेवा. जास्त हवेवर गाडी खड्ड्यांत ठोकरते आणि तो ठोका थेट तिच्या पाठीत जातो. सोमवारी तिला सोडताना विचारा, गाडी काही वेगळी वाटतेय का. ती ‘हो’ म्हणाली, तर आधी गेज काढा.